वर्गणी वाढली, वाढपी घटले

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लहान गावांतील एकाकी वृद्धांविषयी आपल्या दैनिकात अलीकडे जी चर्चा झाली, ती मी लक्षपूर्वक वाचली. एकत्र कुटुंबे मोडली, मुले पुण्या-मुंबईला किंवा परदेशी गेली आणि मागे राहिलेल्यांच्या वाट्याला रिकामे वाडे आले, असा तिचा एकंदर सूर होता. दुखणे खरे आहे. निदान मात्र मला पटत नाही. वाईत सारा जन्म काढलेली आणि येथल्याच शाळेत शिकवून निवृत्त झालेली बाई या नात्याने मला असे वाटते की, गावातील माणसे एकमेकांशी जोडलेली होती ती एका छपराखाली राहत होती म्हणून नव्हे, तर एकमेकांच्या दारी गेल्यावाचून त्यांचे चालत नव्हते म्हणून. ज्या कामांमुळे हे जाणे-येणे होत असे ती एकेक करून संपली, आणि त्यांच्या जागी दुसरे काय उभे करायचे, याचा विचार कोणी केला नाही.

एकत्र कुटुंब हे आपण आज समजतो तितके एकत्र पूर्वीही नव्हते. सातारा जिल्ह्याच्या डोंगराळ पट्ट्यातून पुरुषांनी मुंबईला जाण्याची रीत गिरण्यांच्या काळापासूनची आहे. पुढे बाजारपेठांत आणि गोदीत ओझी वाहणाऱ्या ज्या कष्टकऱ्यांसाठी १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला, त्यांतही याच पट्ट्यातील माणसांचा मोठा भरणा होता. बायको, मुले आणि म्हातारे आईबाप गावी. घरधनी मुंबईत गावकीच्या खोलीत, पाळीपाळीने पथारी पसरणारा. यात्रेला आला तर आला, नाही तर पुढच्या वर्षी. बावधनचे बगाड रंगपंचमीला निघते तेव्हा मुंबईकर गावात दिसतात, ही आजची नवलाई नव्हे, ती पिढ्यांची सवय आहे. या घरांना आजच्या भाषेत विभक्तच म्हणावे लागेल. समाजशास्त्रज्ञ आय. पी. देसाई यांनी गुजरातमधील महुवा या लहानशा शहरातील कुटुंबांचा अभ्यास करून १९६४ मध्ये जे मांडले, ते मला म्हणूनच महत्त्वाचे वाटते. चूल वेगळी झाली म्हणजे कुटुंब तुटले असे होत नाही. मालमत्ता, देणीघेणी, लग्नकार्ये आणि परस्परांविषयीची कर्तव्ये यांतून घरे वेगवेगळ्या प्रमाणात एकत्र राहतात, असे त्यांचे म्हणणे होते. साठ वर्षांपूर्वी जे दिसले होते ते विसरून आपण अजून चुली मोजत बसलो आहोत.

मनिऑर्डरचेच पाहा. आपल्या देशात टपाल खात्याने ती १८८० मध्ये सुरू केली आणि २०१५ मध्ये तिची जुनी पद्धत बंद केली. मुंबईचे पैसे गावी पोचवण्याचे ते साधन होते, हे सर्वांनाच ठाऊक आहे. पण त्या पैशांबरोबर एक माणूस घरी येत असे, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. पोस्टमन ओट्यावर टेकायचा, पाणी मागायचा, नोटा मोजून द्यायचा, अंगठा घ्यायचा. फॉर्मच्या तळाशी मजकुरासाठी चार बोटे जागा असे. तीत लिहिलेले तो वाचून दाखवायचा, आणि म्हातारीचा चेहरा उतरलेला दिसला तर ‘काय झालं मावशी?’ असे विचारून पुढच्या घरी सांगत जायचा. आता रक्कम थेट खात्यात जमा होते, एक पैसा इकडेतिकडे होत नाही, विलंब नाही, पोस्टात खेटे नाहीत. ही सोय मला नको असे मी मुळीच म्हणणार नाही; माझे निवृत्तिवेतनही तसेच येते. परंतु त्या सोयीने महिन्याकाठी एक माणूस दारातून कमी केला, हेही त्याच वहीत लिहायला हवे.

असे कितीतरी सांगता येईल. आळीत एकाच घरी फोन होता तेव्हा ‘तुमच्या धाकट्याचा फोन आलाय’ म्हणून निरोप घेऊन कोणीतरी धावत यायचे. उन्हाळ्यात कुरडयांचा चीक घोटायला आणि पापड लाटायला शेजारणी जमायच्या. आता वाळवण बचत गटाकडून विकत येते, आणि त्यात त्या बायांना चार पैसे मिळतात हे चांगलेच आहे. नदीला पाणी चढू लागले की घाटालगतच्या घरांतील धान्य आणि अंथरुणे वरच्या आळीत हलवावी लागत. येथल्या महागणपतीच्या देवळाची मागची भिंत पुराचे पाणी कापले जावे म्हणून मत्स्याकार बांधली आहे, हे पर्यटकांना आवर्जून सांगितले जाते. पण देवळाला भिंत होती आणि माणसांना शेजार होता, एवढे मात्र सांगायचे राहून जाते. धोम धरण झाल्यापासून पुराचे ते भय पूर्वीसारखे उरले नाही आणि पाणी सोडण्याची सूचना मोबाइलवर मिळते. लग्नाची अक्षत घरोघर जाऊन देण्याची पद्धत होती. आज पत्रिकेचे चित्र ग्रुपवर पडते आणि खाली चाळीस जण हात जोडतात. एकच गोष्ट आमच्याकडे अजून शाबूत आहे. ज्या घरी मयत झाले असेल तेथे चूल पेटत नाही, आणि पिठले-भाताचे पातेले शेजारच्या घरातून न सांगता जाते. त्यासाठी अद्याप कोणी ॲप काढलेले नाही.

आता ज्या प्रसंगामुळे हे पत्र लिहावेसे वाटले, त्याकडे येते. वाईला कृष्णाबाईचा उत्सव घाटाघाटावर पाळीपाळीने होतो. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी अशा घाटांवर ज्याच्या त्याच्या ठरल्या दिवसांत नदीकाठी मांडव पडतो, देवी पालखीतून येते, कीर्तने होतात, बायका ओटी भरायला येतात आणि शेवटी महाप्रसादाच्या पंगती उठतात. अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी कृष्णामाईला नवस बोलला गेला आणि त्यातून हा उत्सव सुरू झाला, अशी आख्यायिका आहे. तिचा खरेखोटेपणा इतिहासकारांनी पाहावा. माझा प्रश्न उत्सवाच्या पडद्यामागच्या कामाचा आहे, कारण आमच्या आळीला आळीपण आणणारी तीच एक गोष्ट वर्षानुवर्षे मी पाहत आले.

वर्गणीचे पुस्तक घेऊन पोरे संध्याकाळी निघत. ती चार-पाच जणांची टोळी एकेका घरी टेकत असे. कोणी चहा करी, कोणी ‘गेल्या वर्षीचा हिशेब दाखवा आधी’ म्हणून झाडून घेई, कोणी वर्गणीपेक्षा तक्रारीच जास्त देई. अमक्याचा मुलगा नोकरीला लागला, तमक्या काकांना दोन पायऱ्या चढवत नाहीत, कोणाच्या घरात सून रुसून माहेरी गेली आहे, हे सगळे त्या पुस्तकाच्या पानांवर न लिहिताही गोळा होई. महाप्रसादाच्या आदल्या रात्री मांडवात सतरंज्या टाकून वांगी आणि बटाटे चिरायला लोक बसत, आणि विळीवर बसलेल्या बायांच्या गप्पांतून निम्म्या गावाची लग्ने जमत. आमटीला मीठ किती घालायचे, यावरून दोन घरांमध्ये तीन पिढ्यांचा वाद होता आणि तो दर वर्षी नव्याने रंगे. वाढायला तरुण पोरे असत. भाताचे पातेले घेऊन अनवाणी धावणाऱ्या ज्या पोरांना मी वर्गात नापास केले होते, तीच पंगतीत ‘बाई, अजून थोडा’ म्हणत माझ्या पानावर मूद ठेवत.

अलीकडे समितीने वर्गणीसाठी क्यूआर कोड काढला आणि तो ग्रुपवर टाकला. पैसे भराभर जमा झाले. हिशेब चोख राहिला, पावतीवरून भांडणे झाली नाहीत, आणि पुणे, बंगळूर, अमेरिका येथे असलेल्या आमच्या मुलांनीही मोकळ्या हाताने पाठवले. रक्कम हाती आल्यावर स्वयंपाक आचाऱ्याच्या कंत्राटावर गेला आणि आचाऱ्याने आपले वाढपी आणले. थोडक्यात सांगायचे तर वर्गणी वाढली, वाढपी घटले. समितीतील मुले कष्टाळू आहेत आणि त्यांच्या हेतूंविषयी मला यत्किंचितही शंका नाही. नोकरी सांभाळून रात्री दहानंतर दारोदार फिरणे किती जड जाते, हे मला कळते. पण आमच्या आळीच्या टोकाला एक आजी एकट्या राहतात. त्यांची वर्गणी भाच्याने परस्पर भरली. पोरे येतील म्हणून त्यांनी चिवड्याचा डबा भरून ठेवला होता. उत्सव झाल्यावर मी सहज गेले, तेव्हा डबा तसाच होता. ‘पैसे पोचले गं, पण कोणी आलं नाही,’ एवढेच त्या म्हणाल्या आणि डबा माझ्यापुढे उघडला.

यावर कोणी म्हणेल की, बाई जुन्या दिवसांचे गोडवे गात आहेत. तसे नाही. त्या जुन्या पंगतीत कोण आधी बसे, कोण मागाहून आणि कोणाला घाटाच्या पायऱ्यांपलीकडे थांबावे लागे, हे मी विसरलेले नाही; आळ्यांची नावे आणि जातींची वस्ती यांचा संबंध काय, हे वाईकरांना समजावून सांगण्याची गरज नाही. ज्याला आपण शेजारधर्म म्हणतो, त्याचे नव्वद टक्के ओझे सुनांच्या पाठीवर होते. पाहुणा आला की तिने उठायचे, रात्री बाराला भाजी चिरायलाही तिनेच बसायचे आणि पंगतीला मात्र सर्वांत शेवटी. शेजाऱ्याच्या काळजीत पाळतही पुष्कळ मिसळलेली असे. कोणाची मुलगी कोणाशी बोलली, ही बातमी दुखण्याखुपण्याच्या बातमीपेक्षा दुप्पट वेगाने जायची. ते सारे जसेच्या तसे परत आणा, असे म्हणणारी मी शेवटची व्यक्ती असेन. मुली शिकून बाहेर पडल्या, सुनांना स्वतःचे स्वयंपाकघर आणि स्वतःचा वेळ मिळाला, ही हानी नव्हे. प्रश्न इतकाच आहे की, सक्तीने होणारे जाणे-येणे संपल्यावर खुशीने होणारे जाणे-येणे आपोआप सुरू होत नाही. ते कोणीतरी ठरवून घडवावे लागते.

हे ठरवताना आळीचा अर्थ पूर्वीपेक्षा मोठा धरला पाहिजे. जुने वाडे पाडून इमारती झाल्या आणि त्यांत भाड्याने राहणारी कुटुंबे आली. कोणी बँकेत बदलीवर आलेले, कोणी मराठवाड्यातून कामासाठी आलेले, कोणी राजस्थानातून येऊन दुकान थाटलेले, तर कोणी पाचगणीच्या शाळांत नोकरी करून रोज पसरणीचा घाट चढ-उतार करणारे. वर्गणीच्या यादीत त्यांचे नाव बहुधा असते, कामाच्या यादीत नसते. बाहेरून आलेल्यांना आपले म्हणणे वाईला नवे आहे असेही नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम येथे सुरू झाले, तेव्हा त्यासाठी ठिकठिकाणची विद्वान माणसे कुटुंबासह येथे येऊन राहिली. त्यांची मुले आमच्याच शाळांत शिकली आणि त्या घरांतील बाया आमच्याच हळदीकुंकवाला आल्या. वसंत व्याख्यानमालेच्या श्रोत्यांत कोण मूळचा वाईकर आणि कोण नंतरचा, हे आज सांगता येणार नाही. मग आताच्या भाडेकरूंनाच आपण ‘फ्लॅटमधले’ म्हणून बाजूला का ठेवतो?

शासनाने कायदा केला आहेच, असेही काहींनी आपल्या चर्चेत लिहिले. २००७ चा आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा आणि कल्याणाचा कायदा मी वाचला आहे. साठ वर्षे पूर्ण झालेल्या आणि स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या व्यक्तीला मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो. प्रांताधिकाऱ्यांच्या दर्जाच्या अधिकाऱ्यासमोर न्यायाधिकरण बसते. रकमेची कमाल मर्यादा महिना १०,००० रुपये आहे. ज्यांना घराबाहेर काढले गेले किंवा उपाशी ठेवले गेले, त्यांच्यासाठी हा मोठाच आधार आहे. परंतु लहान गावात प्रांत कचेरीची पायरी चढून स्वतःच्या मुलाविरुद्ध अर्ज देणे म्हणजे काय, हे तेथे राहणाऱ्यालाच कळते; अर्जाचा निकाल लागण्याआधी गावाचा निकाल लागलेला असतो. शिवाय ज्यांच्याविषयी मी लिहीत आहे त्या बहुतेकांना मुलांकडून पैसे मिळतात, औषधे घरपोच येतात. एका घरी मुलाने आईच्या खोलीत कॅमेरा बसवला आहे. तो तेथून आईला पाहू शकतो. आईला मात्र कोणी दिसत नाही. कोणीतरी येऊन समोर बसावे, असा आदेश कोणतेही न्यायाधिकरण काढू शकत नाही. मात्र याच कायद्याखाली केलेल्या नियमांत पोलीस ठाण्याने हद्दीतील, विशेषतः एकट्या राहणाऱ्या, ज्येष्ठ नागरिकांची यादी ठेवावी आणि स्वयंसेवकांसह त्यांना अधूनमधून भेटावे, अशी जी अपेक्षा आहे, ती लहान गावात सहज पुरी करता येण्याजोगी आहे. मोठ्या शहरात या कामी माणसे कोठून आणायची, हा प्रश्न पडेल. येथे प्रत्येक आळीला आधीच एक उत्सव समिती आहे, गणेश मंडळ आहे, भजनी मंडळ आहे.

म्हणून माझ्या सूचना फार मोठ्या नाहीत. क्यूआर कोड राहू द्यावा; ज्याला जसे पैसे द्यायचे तसे त्याने द्यावेत. पण वर्गणी मिळाली तरी पावती हातानेच द्यायला जावे, आणि जाताना एका जुन्या घरातील व एका नव्या इमारतीतील अशी दोन माणसे बरोबर पाठवावीत. उत्सवानंतर ते पुस्तक कपाटात न टाकता दर महिन्याला एकदा, वर्गणी न मागता, त्याच यादीने फिरावे. महाप्रसादाचा मोठा स्वयंपाक आचाऱ्याने करावा, कारण हजार माणसांची आमटी घरच्या बायांनी करावी हा आग्रह मला अन्यायाचा वाटतो; पण भाजी चिरण्याची रात्र आणि वाढण्याची पंगत आळीकडे ठेवावी, आणि चिरायला पुरुषांनीही विळी नाही तर सुरी हातात घ्यावी. वाढायला शाळेतील मुला-मुलींना बोलवावे. परीक्षा जवळ आल्या आहेत, अशी सबब पालक सांगतील. तीस वर्षे परीक्षा घेतलेली बाई म्हणून सांगते, एका संध्याकाळच्या पंगतीने कोणाचे गुण कमी झालेले मी पाहिले नाहीत.

नगरपरिषदेकडेही एक विनंती आहे, आणि ती केवळ वाईपुरती नाही. गावांचे सुशोभीकरण करताना कारंजी आणि रोषणाई यांच्याआधी म्हाताऱ्या माणसाला टेकता येईल अशी बैठक, पायऱ्यांना धरायला कठडा आणि संध्याकाळी पायी चालणाऱ्याला वाहनांपासून मोकळा रस्ता, यांचा विचार व्हावा. घाटावर उतरणे जमेना झाले की माणूस आधी नदी सोडतो, मग देऊळ, मग वाचनालय, आणि शेवटी खिडकीत येऊन थांबतो. ज्यांचे पाय थकले आहेत त्यांना गावात आणण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे दर शंभर पावलांवर बसायला जागा देणे, असे माझे मत आहे.

बाहेरगावी असलेल्या मुलांनाही दोन शब्द सांगायचे आहेत, कारण हे दैनिक ती मोबाइलवर वाचतात. आईला रोज फोन करता, हे चांगले आहे. पण आईच्या शेजारणीचा नंबर तुमच्याकडे आहे का? तिलाही अधूनमधून फोन करा, केवळ आई फोन उचलत नसली म्हणजे नव्हे. दिवाळीला गावी याल तेव्हा खोक्यातली मिठाई आईच्या हातून वाटायला न ठेवता स्वतः चार घरी घेऊन जा आणि पाच मिनिटे टेका. तुमच्या आईची चौकशी उद्या ज्यांनी करायची आहे, त्यांनी तुमचा चेहरा पाहिलेला असावा.

आमच्या आळीत येत्या उत्सवापासून हातोहात पावती देण्याचे आणि पुढे महिन्याच्या फेरीचे निदान तोंडी तरी ठरले आहे. फेरीसाठी नव्या इमारतीतील दोन मुली आपणहून पुढे आल्या आहेत. इतर गावांत, विशेषतः कोकणात आणि विदर्भात, अशी काही पद्धत रुजली असेल तर ती जाणून घ्यायला आम्हाला आवडेल. आपण या सदरातून वाचकांना तसे आवाहन करावे, आणि येणाऱ्या पत्रांपैकी ज्यांत प्रत्यक्ष काय केले आणि कोठे अडले हे लिहिलेले असेल त्यांना आधी जागा द्यावी, ही विनंती.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका,
वाई, जि. सातारा